चार अक्षरं

कोकणातले बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवता चालवता हिब्रू विसरले, पण ‘शेमा इस्राएल’ विसरले नाहीत. सुंता असो, लग्न असो, तेच म्हणायचं. देवाचं चार अक्षरी नाव मात्र ज्यू लोक तोंडाने घेत नाहीत. ग्रंथात आलं तरी ‘अदोनाय’ वाचतात. ग्रंथात लिहायला हरकत नाही. जेरुसलेमला १९७९ साली सापडलेल्या चांदीच्या ताइतांवर ते कोरलेलं आहे.

हे वाचताना आजी आठवली. आजोबा जाऊन महिना झालेला. संगमनेरच्या बँकेत काउंटरवर नवऱ्याचं नाव विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

“आता तरी घे की गं नाव!” मी चिडलो. मागे रांग होती.

तिने माझ्या खिशातलं पेन काढलं आणि स्लिपमागे सावकाश लिहिलं. काना-मात्रा सगळं बरोबर.