मागे कोण?

ट्रेलवॉकर या सांघिक चालीचा नियम वाचायला सोपा आहे. अंतर 100 किलोमीटर, मुदत 48 तास, संघात माणसं 4. चौघांनी एकत्र निघायचं, वाटेतल्या चौक्यांवर एकत्र नोंद करायची आणि शेवटची रेघही एकत्रच ओलांडायची. संघातला सगळ्यात वेगवान माणूस कितीही आधी पोचला तरी घड्याळ बघतं ते चौथ्याकडे.

हा नियम कुणा समाजसेवकाच्या डोक्यातून आलेला नाही. 1981 साली हाँगकाँगमध्ये ब्रिटिश लष्करातल्या गुरखा सिग्नल तुकडीने तिथल्या मॅकलहोस ट्रेलवर आपल्या जवानांचा सराव म्हणून ही चाल सुरू केली. डोंगरात गस्तीवर गेलेली तुकडी माणूस मागे टाकून परत येत नाही, तेच इथे आलं. 1986 मध्ये ऑक्सफॅम ही सेवाभावी संस्था त्यात आली, सामान्य लोकांना दार उघडलं आणि चालणाऱ्याने आपल्या माणसांकडून देणगी गोळा करायची, ती गरिबीविरुद्धच्या कामाला द्यायची, अशी रीत पडली. पुढे ही चाल भारतात बेंगळुरूला आली, मग मुंबईकडेही.

बोईसरच्या आमच्या कारखान्यात याची माहिती आली तेव्हा मला नवल वाटलं ते एवढंच, की लष्कराला जे सरावाने शिकवावं लागलं ते माझी आजी निरक्षर असून चोख जाणत होती.

आमचं मासवण सूर्या नदीच्या काठी, पालघर-मनोर रस्त्यावर. पालघरचा बाजार दहा-बारा किलोमीटरवर आणि मध्ये वाघोबा खिंड. एसटी होती, पण भाड्याचे पैसे वाचले तर तेवढं मीठमिरची येई, म्हणून बायका पाट्या घेऊन पायीच निघायच्या. पावसाच्या तोंडावर शेवळं, त्याआधी करवंदं, एरवी वाल, वांगी, कधी मोळी. मी सुट्टीच्या दिवशी आजीच्या मागे लागून जायची. रांगेचा क्रम आजी ठरवायची, आणि तो ठरलेला असे: गरोदर बाई, म्हातारी, माझ्यासारखं लुडबुडं पोर पुढे, आणि सगळ्यात दणकट बाई शेवटी. पुढची चालेल तसं सगळ्यांनी चालायचं. मध्येच आजी मान न वळवता ओरडायची, "मागं कोण?" आणि शेवटची बाई आपलं नाव सांगायची. नाव ऐकू आलं की रांग सलग आहे, हे कळायचं.

खिंडीत सगळ्या थांबायच्या. तिथे वाघोबाचं ठाणं आहे. वारली माणूस वाघाला देव मानतो. दिवाळीआधी वाघबारशीला त्याची पूजा होते. पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगरांच्या पट्ट्यात अशी सुमारे दीडशे ठाणी अभ्यासकांनी नोंदवली आहेत, असं अलीकडे वाचलं. त्या काळी मला ते एकच माहीत होतं. बायका तिथे पाट्या उतरवून हात जोडायच्या, डोक्यावरची चुंबळ सारखी करायच्या. देवाच्या निमित्ताने चढणीवरचा दम खाऊन व्हायचा. वर काळदुर्गाचा चौकोनी माथा दिसायचा. तिकडे बघायला कुणाला फुरसत नसे.

पुढे मी तारापूर एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. विरार-डहाणू लोकल 2013 साली सुरू झाली. त्याआधी शटल आणि मेमूच्या गर्दीत पहिली पाळी गाठायची, तीही एक शर्यतच होती, पण प्रत्येकाची स्वतंत्र. कारखान्यात मला आजीची रांग पुन्हा भेटली ती मॉक ड्रिलमध्ये. भोंगा वाजला की वाऱ्याची दिशा बघून मैदानात जमायचं आणि प्रत्येक विभागातला एक माणूस सगळ्यात शेवटी, संडास-स्टोअर बघून बाहेर यायचा. मग मोजणी. रसायनांचे कारखाने आणि अणुवीज केंद्र शेजारी असलेल्या गावांत ही मोजणी थट्टेची नसते. तरी बहुतेक लोक ती थट्टेवारीच नेतात, हे सांगायला हवं.

ट्रेलवॉकरसाठी आमचा संघ जमला तो असा: मी, क्वालिटीतली एक मुलगी, स्टोअरकीपर आणि सिक्युरिटीतला एक निवृत्त सैनिक, ज्याला सगळे फौजी म्हणत. सराव सुट्टीच्या दिवशी पहाटे, कधी कालव्याच्या भरावावरून, कधी खिंडीच्या रस्त्याने. फौजी सुसाट जायचा आणि वळणावर थांबून घड्याळ दाखवायचा. मुलगी ओशाळून धावायला बघायची, तिची पोटरी धरायची, मग सगळेच थांबायचे. मी एकदा स्पष्टच सांगितलं, ही पुढे, तुम्ही शेवटी. त्याला ते अपमानाचं वाटलं. त्याच्या मते पुढारी पुढे असतो. मी आजीचं नाव न घेता गुरख्यांचा दाखला दिला, तो मात्र लगेच लागू पडला.

पैसे जमवणं चालण्यापेक्षा अवघड गेलं. कॅन्टीनमध्ये वही फिरवली. "चालायचे पैसे? आम्ही रोज स्टेशनपासून चालतो, आम्हाला द्या," असं एकाने म्हटलं आणि सगळे हसले, हसून झाल्यावर कंत्राटी बायकांनी पन्नास-पन्नास दिले. आईचं माहेर जव्हारकडचं. तिने विचारलं, तिकडच्या बायका उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरमागे धावतात, त्यांच्यासाठी कुणी वही फिरवतं का? मासवणच्या पंपिंग स्टेशनमधून सूर्येचं पाणी वसई-विरारला जातं, हे ती रोज बघत होती. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिने एकावन्न रुपये दिले आणि पावती मागून घेतली.

प्रत्यक्ष चालण्याविषयी लोक विचारतात, तेव्हा त्यांना डोंगर, सूर्योदय असलं काही ऐकायचं असतं. मला आठवतात ते तळव्यांचे फोड, मांड्यांना लावलेलं व्हॅसलिन, चौकीवरची गरम खिचडी आणि दुसऱ्या रात्रीची झोप. झोप चालता चालता येते. माणूस पाय उचलत असतो आणि भलतंच बोलतो. स्टोअरकीपर बराच वेळ कुणाला तरी गोण्यांचा हिशेब देत होता. पुढे क्वालिटीतल्या मुलीच्या डोक्यावरची बॅटरी, तिच्या उजेडावर आमची पावलं. मध्येच मी ओरडायची, "मागे कोण?" आणि अंधारातून फौजी आपलं नाव सांगायचा, पहिल्यांदा वैतागून, नंतर नुसत्या सवयीने. पहाटेकडे एकदा मी विचारायची विसरले, तर त्याने आपणहून सांगितलं. मुदतीच्या आत चौघं पोचलो. वेळ अशी होती की पेपरात यावी असं तिच्यात काही नव्हतं.

2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला तेव्हा मला ती रात्र वेगळ्या अर्थाने आठवली. 180 किलोमीटर, सहा दिवस, कुणाच्या छातीवर क्रमांक नाही. आमच्या भागातले आदिवासी त्यात होते, वनजमिनीचे पट्टे ही मुख्य मागणी. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या पोरांची अडचण नको म्हणून ते शीणलेल्या पायांनी सायनहून रात्रीच आझाद मैदानाकडे निघाले. मुंबईकरांनी पाणी, बिस्किटं, चपला दिल्या. आम्ही वर्गणी आधी गोळा केली आणि मग चाललो. इथे लोक आधी चालले आणि देणाऱ्यांना देण्यावाचून राहवलं नाही. चालण्याचं मोल ठरवायचंच असेल तर मी मोर्चाच्या त्या रात्रीवरून ठरवेन, माझ्या पदकावरून नाही. अर्थात हे सोलेल्या पायांची छायाचित्रं टीव्हीवर बघत, घरात बसून म्हणणं सोपं आहे.

2022 च्या सुरुवातीला ऑक्सफॅम इंडियाच्या परदेशी देणग्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण झालं नाही, आणि आमच्याकडे ट्रेलवॉकरचं नाव निघणंही बंद झालं. संघ मात्र मोडला नाही. स्टोअरकीपरचे गुडघे गेले, तो आता गाडीत पाणी आणि पेज घेऊन येतो. त्याच्या जागी गावातल्या दोन मुली आल्या, दोघी माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान. त्या डिसेंबरात वसई-विरार मॅरेथॉन स्वतःच्या वेगाने धावतात, आणि ते बरोबरच आहे; तिथे घड्याळ ज्याचं त्याचं असतं. रविवारी खिंडीच्या रस्त्याला मात्र क्रम जुनाच. हल्ली सगळ्यात पुढे मी असते. फौजी सगळ्यात मागे, आणि माझ्यामुळे आपला वेग दरवर्षी कसा उतरत चालला आहे, हे तो खिंड येईपर्यंत सगळ्यांना ऐकवतो.