वेगन की व्हीगन?



लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी सहा महिने इंग्लंडमध्ये लेस्टरला राहून आले. या गावाच्या नावातच धडा आहे. स्पेलिंग वाचून मी सगळ्या नातेवाइकांना ‘लायसेस्टर’ला चालले म्हणून सांगितलं होतं. तिथे पोचल्यावर कळलं की निम्मी अक्षरं नुसती लिहायची असतात, बोलायची नसतात.

मी मराठी माध्यमातली. इंग्रजी पाचवीपासून. वाचायला येतं, अर्थ कळतो, बँकेतलं पत्रही लिहिते. त्यामुळे आपलं चालून जाईल असा भरवसा होता.

एके दिवशी नातीला शाळेतून आणताना वाटेत केकचं दुकान लागलं. नात सहा वर्षांची, काचेला नाक लावून उभी राहिली. मी आत गेले आणि विचारलं, “इज धिस केक वेगन?” तिथे अंडी, दूध काही नसलेल्या पदार्थाला हा शब्द आहे, एवढं मला ठाऊक होतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “सॉरी?” मी पुन्हा विचारलं. पुन्हा “सॉरी?” मागे रांग वाढत होती. तिसऱ्यांदा मी केककडे बोट दाखवून तोच शब्द म्हटला. ती गोड हसली, दोन तुकडे कापून खोक्यात भरून दिले. तिचं हसणं म्हणजेच ‘हो’, असं मी धरून चालले.

घरी येऊन आजी-नातीने खाल्ला. संध्याकाळी लेकीने खोक्याखालचं लेबल वाचलं. त्यात अंडं होतं, ठळक अक्षरात छापलेलं. माझा चष्मा पर्समध्येच राहिला होता, ही चूक माझीच.

अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा. काय वाटलं ते इथे सांगायला नको, तुम्हाला कळेल. लेक म्हणाली, “असू दे गं आई, मुद्दाम थोडंच खाल्लंस? हिला शाळेत कुणाच्या वाढदिवसाला कधीतरी जातंच पोटात.” हे ऐकून केकपेक्षा जास्त लागलं, पण तो विषय वेगळा. त्या रात्री आलोचना पाठ म्हटला, दुसऱ्या दिवशी एकाशन केलं.

जावई मात्र हसू दाबत म्हणाले, “आई, तिला ‘वॅगन’ ऐकू आलं असणार. मालगाडीचा डबा.” खरा उच्चार ‘व्हीगन’. पहिलं अक्षर दीर्घ, आणि ‘व’ दातांचा.

तिथून मी उच्चारांच्या मागे लागले. आधी लाज वाटली. या वयात गोऱ्यांसारखं बोलायला शिकायचं? मग आठवलं की गावी पाठशाळेत मी वर्षानुवर्षं हेच तर करते! मुलं ‘णमो’ला ‘नमो’ म्हणतात, तेव्हा मी रागावत नाही. जीभ मागे वळव, टाळूला लाव, आता सोड, असं सांगते. मग इंग्रजी चुकलं की ती बुद्धीची कमतरता, असं आपण का धरतो? तिथेही जीभ, ओठ आणि दातच आहेत.

‘व’चंच बघा. व्याकरणात आपण त्याला दंतौष्ठ्य शिकतो, पण बोलताना दात ओठाला जेमतेम लागतात. इंग्रजीत मात्र दोन वेगळे आवाज आहेत. ‘व्हॅन’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवून घर्रर्र असा आवाज काढायचा. ‘वॉटर’ म्हणताना दात लांब, ओठांचा चंबू. गंमत म्हणजे आपण लिहिताना हा फरक करतोच. व्हॅन, व्हिडिओ, व्हेज लिहितो ‘व्ह’ने आणि वॉटर, वेटर लिहितो ‘व’ने. लेखणीला कळतं ते ओठांना कळत नाही! मी रोज आंघोळीनंतर आरशासमोर दहा-दहा वेळा दोन्ही म्हणायची. नात बाहेरून विचारायची, “आजी, आत माशी आहे का?”

दुसरी गोष्ट कळली तेव्हा मी चकितच झाले. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क जरा हवा सोडून म्हणतात, म्हणजे आपल्या फ, ठ, ख कडे झुकतात. आपण कोरडा ‘क’ म्हटला की त्यांच्या कानाला तो ‘ग’ वाटू शकतो. मी नातीचा ‘कोट’ मागायची आणि त्यांना ‘गोट’, म्हणजे बकरी, ऐकू जाऊ शकते. पण आपल्या बाराखडीत क आणि ख वेगळेच आहेत, आपल्याला काही नवीन शिकायचं नाही, फक्त थोडा ख मिसळायचा. तोंडासमोर पातळ कागदाची पट्टी धरून ‘पिन’ म्हणा. कागद हलला की जमलं.

तिसरा प्रकार जोर देण्याचा. मराठीत आपण प्रत्येक अक्षर सारखं वाजवतो. ते लोक एकावर जोर देतात आणि बाकीची गिळतात. ‘व्हेजिटेबल’मध्ये आपण चार तुकडे पाडतो, ते तीनच म्हणतात, ‘व्हेज्टबल’, आणि जोर पहिल्यावर. यासाठी मी कोथिंबिरीच्या जुडीचं रबर हातात घ्यायची, जोराच्या अक्षराला ताणायची आणि बाकीच्यांना सैल सोडायची. कांद्याला ‘ओनियन’ नाही, ‘अन्यन’. ‘ओव्हन’ही नाही, ‘अव्हन’. दोन्ही शब्द ‘ओ’ने लिहायचे आणि ‘अ’ने बोलायचे, याला काय म्हणावं!

शब्द अडला की मोबाइलवर केंब्रिजचा शब्दकोश उघडायचा. त्यात ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात. आधी ऐकायचं, मग स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून पुन्हा ऐकायचं. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, पण तसंच रेटायचं.

सगळंच सुधारायच्या फंदात मात्र मी पडले नाही. ‘थँक यू’मधला ‘थ’ त्यांचा वेगळा, जीभ दातांच्या कडेला ठेवून हवा सोडायची. पण माझ्या ‘थ’ने कुणाचं अडलं नाही, म्हणून सोडून दिला. फोनवर लेकीचा सूरच बदलतो, ओळखू येत नाही. मला ते नको होतं. समोरच्याला पहिल्या वेळी कळावं, एवढंच हवं होतं.

रोज संध्याकाळी नातीची आणि माझी शिकवणी चालायची. तिला ‘ळ’ येत नाही, केळ्याला ‘केलं’ म्हणते. मी तिला ‘ळ’ आणि ‘णमो’तला ‘ण’ द्यायची, ती मला ‘व्ह’ द्यायची. माझा चुकला की ती माझ्यासारखाच चेहरा करून म्हणायची, “दात, आजी, दात!”

परत यायच्या आदल्या आठवड्यात त्याच दुकानात गेले. चष्मा नाकावर. तीच मुलगी होती. दात ओठावर टेकवले आणि विचारलं. तिला पहिल्याच वेळी कळलं. म्हणाली, आज तसा एकही केक शिल्लक नाही, उद्या सकाळी लवकर या. मी थँक यू म्हटलं, माझ्याच ‘थ’ने, आणि घरी येऊन नातीसाठी शिरा केला.