गल्ली कुठं संपते

पत्ता सांगायला मला कधी फार शब्द लागले नाहीत. राजारामपुरी, आठवी गल्ली. रिक्षावाला, गॅसवाला, पाहुणे, सगळे बरोबर येतात. सातवीच्या पुढं आठवीच असणार, त्याला मॅप कशाला लागतो?

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कोल्हापुरातलं हे घर भाड्याचं. पप्पा गेल्या वर्षी रिटायर झाले आणि फंडाच्या पैशातून प्लॉट घ्यायचं त्यांनी ठरवलं. शहराच्या हद्दीबाहेर, परवापर्यंत ऊस होता अशा रानात, एक लेआउट पडला होता. एजंटनं आम्हाला थेट शेवटच्या प्लॉटवर नेलं. तिथं रस्ता संपत होता आणि समोर आडवी भिंत होती.

“काका, इथनं पुढं कोण जाणारच न्हाई. गाड्यांचा आवाज न्हाई, नातवंडं रस्त्यावर खेळली तरी काळजी न्हाई.”

या प्लॉटचा दर बाकीच्यांपेक्षा जास्त होता. खरं सांगायचं तर मलाही तो आवडला. गणपती आगमनाच्या दिवशी राजारामपुरीत राहिलेल्या माणसाला शांतता म्हणजे काय चीज आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मम्मीनं एकच विचारलं, “दूध आणायला कुठं जायचं?”

दुकान भिंतीपलीकडंच होतं. त्याची पाटी दिसत होती. मी मोबाईलवर रस्ता टाकला, तर दीड किलोमीटर! लेआउटमधून बाहेर पडायचं, मोठ्या रस्त्यानं वळसा घालायचा आणि शेजारच्या लेआउटमध्ये शिरायचं. मम्मीला गाडी चालवता येत नाही.

घरी येऊन मी सॅटेलाइट मॅप उघडला आणि तासभर बघत बसलो. एका मालकाचा एक गट नंबर, त्यात त्याचे रस्ते. शेजारच्याचा दुसरा गट, त्याचे वेगळे रस्ते. शेताचा बांध होता तिथं आता भिंत. प्रत्येक नकाशा आपापल्या जागी नीटनेटका, पण सगळे एकत्र ठेवले की गाव तयार होत नाही. आमच्या कामात असं होतं. प्रत्येकाचा कोड त्याच्या मशीनवर चालतो, जोडायला गेलं की रडारड.

राजारामपुरी उलट्या क्रमानं झाली. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, म्हणजे १९२२ ते १९४० च्या दरम्यान, ही वसाहत आखून वसवली गेली. आधी गल्ल्या, मग घरं. म्हणून आमची गल्ली ड्रेनेजसाठी खणली तरी आमचं अडत नाही, आम्ही सातवीतून जातो. लहानपणी याचं मला काही वाटलं नव्हतं.

मग मी नियम वाचले. २०२० च्या डिसेंबरपासून राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या यूडीसीपीआर नियमावलीत शेजारच्या जमिनींतल्या रस्त्यांशी मेळ घालायला सांगितलंय. बंद टोकाच्या रस्त्यालाही बंदी नाही. पण तो १५० ते २७५ मीटर लांब असेल तर वळायला जादा जागा सोडायची, निदान ८१ चौरस मीटर, आणि कुठलीही बाजू ९ मीटरपेक्षा कमी नको. म्हणजे ॲम्ब्युलन्स आली तर वळून परत जाईल. आणखी एक ओळ होती : रस्त्याचं बंद टोक सुरुवातीपेक्षा उंच असलं पाहिजे.

ही ओळ मी पप्पांना वाचून दाखवली. रविवारी आम्ही परत गेलो. पप्पांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि रस्त्यावर ओतली. पाणी जरा थांबलं, मग भिंतीकडं निघालं. आमच्या होणाऱ्या गेटसमोरून. २०१९ चा पूर बघितलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

बंद गल्ली वाईटच असते असं नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रॅडबर्नमध्ये १९२९ साली मुद्दाम बंद गल्ल्या आखल्या, पण घरांच्या दुसऱ्या बाजूनं बागेतून जाणाऱ्या पायवाटा ठेवल्या. तिथं गाडी थांबते, माणूस थांबत नाही.

मी एजंटला म्हटलं, “भिंतीत माणूस जाईल एवढी फट ठेवता येईल का? पलीकडच्यांशी बोलून?”

तो हसला. “दादा, मग शांत प्लॉट म्हणून विकायचा कसा?”

त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना. दुसऱ्यांनी आपल्या दारावरून जाऊ नये यासाठी आम्ही जादा पैसे मोजायला तयार होतो. भिंतीपलीकडच्यांनीही बहुधा तेच केलं असेल, आणि त्यांच्यासाठी ते दुसरे म्हणजे आम्ही. दूध आणायला निघालेली माझी मम्मी.

इसार आम्ही दिला नाही. अजून शोधतोय आणि भाडं भरतोय. आता नवा लेआउट बघायला गेलं की पप्पा आधी रस्त्याच्या टोकापर्यंत चालत जातात. मम्मी दुकान शोधते. पाण्याची बाटली माझ्याकडं असते.