कधी सांगायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं

आजची पोस्ट पाण्याच्या टाकीवर नाही, नगरपालिकेच्या टेंडरवरही नाही. एका वेबसिरीजवर आहे. पण त्यातून जो प्रश्न निघतो तो आम्हा पत्रकारांचा आहे आणि फॉरवर्ड करणाऱ्या प्रत्येकाचा आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

'हार्टस्टॉपर' हे नाव घरातल्या पोरांना विचारा, त्यांना माहीत असेल. ॲलिस ओसमन ही इंग्लंडमधली लेखिका, चित्रंही स्वतःच काढते. २०१६ मध्ये तिने ही चित्रकथा इंटरनेटवर थोडी थोडी टाकायला सुरुवात केली. मग पुस्तकं आली आणि एप्रिल २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली. पटकथाही तिनेच लिहिली.

गोष्ट साधी आहे. मुलांची शाळा. चार्ली आणि निक वर्गात शेजारी बसतात. चार्लीला मुलं आवडतात हे अख्ख्या शाळेला ठाऊक आहे, कारण आदल्या वर्षी ते फुटलं आणि पोरांनी त्याला नको नको केलं. निक रग्बी खेळणारा दांडगा गडी. त्याला चार्ली आवडायला लागतो आणि तो गोंधळून जातो. मुलीही आवडतात, मग हे काय? तासन् तास इंटरनेटवर शोधत बसतो. पहिल्या सीझनच्या शेवटी तो आईला सांगतो. आई जवळ घेते, सांगितल्याबद्दल आभार मानते आणि वर म्हणते, माझ्याशी बोलता येणार नाही असं तुला कधी वाटलं असेल तर माफ कर. ऑलिव्हिया कोलमनने ही आई केलीय. दोन मिनिटांचाही प्रसंग नसेल, पण आईबापांनी तेवढा तरी बघावाच.

मला त्याहून मोलाची वाटली ती चार्लीची वागणूक. दुसऱ्या सीझनमध्ये निकला मित्रांना सांगायचंय, पण शब्द घशात अडकतात. शाळेची सहल पॅरिसला जाते, तिथेही तेच. चार्ली घाई करत नाही. आपली गोष्ट दुसऱ्याने फोडली की काय होतं, ते त्याने भोगलेलं असतं.

आता खरी घडलेली गोष्ट. निकचं काम करणारा किट कॉनर. तू खऱ्या आयुष्यात कोण, हे सांगून टाक, म्हणून सोशल मीडियावर लोक त्याच्या मागे लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याने ट्विटरवर सांगितलं की आपण बायसेक्शुअल आहोत. सोबत असंही सुनावलं की अठरा वर्षांच्या मुलाला बोलायला भाग पाडलंत, मालिकेचा मुद्दाच काही जणांना कळलेला दिसत नाही. म्हणजे बघा, मालिकेवर जीव टाकणाऱ्यांनीच हे केलं.

पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं: कोण, काय, कुठे, केव्हा, का. ही उत्तरं मिळाली की बातमी झाली. पण एक प्रश्न त्यात नव्हता. हे सांगायचा हक्क कोणाचा?

काही वर्षांपूर्वी एकाने मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. ज्युनिअर कॉलेजची दोन पोरं, हातात हात. सोबत मेसेज, "लावा सर, गाजंल." मी डिलीट केला आणि त्याला फोन करून चार शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी एका पोर्टलने तो लावलाच. चेहरे धूसर केले होते, पण गणवेश दिसत होता आणि मोटारसायकलचा नंबरही. आपल्यासारख्या गावात आणखी काय लागतं? संध्याकाळपर्यंत घरी पोचलं. त्यातला एक मुलगा परत कॉलेजात दिसला नाही. मामाकडे पाठवला म्हणतात.

कायद्याचं म्हणाल तर तो कधीच पुढे गेलाय. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि माणसाचा लैंगिक कल त्यातच येतो असंही स्पष्ट केलं. ६ सप्टेंबर २०१८ ला, सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून मोकळं केलं. पण कोर्टाचा निकाल चावडीवर यायला वेळ लागतो, आणि स्क्रीनशॉट मात्र पाच मिनिटांत पोचतो.

काही जण म्हणतील, ही परदेशी थेरं आहेत. ठीक आहे, मालिका नका बघू. पण अशी मुलं परदेशातून आलेली नाहीत, आपल्याच आळीतली आहेत. त्यांच्यावर भाषण द्या असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की असा फोटो आला तर तो तुमच्या मोबाईलवरच थांबू दे. आणि पोरगं काही सांगायला म्हणून शेजारी येऊन बसलं, तर टीव्हीचा आवाज बारीक करा. लगेच बोललं नाही तरी खोदून विचारू नका.