टाकीचा श्वास

कुलूप सुटताना आधी ‘टक्’ असा बारीक आवाज होतो, मग झाकण जरासं वर आलं की टाकी हलकेच निःश्वास सोडते, आणि त्याच्या पाठोपाठ येतो पेट्रोलचा तो गोडसर, थेट कपाळात शिरणारा वास. आवाज, निःश्वास, वास. माझ्या मनात या तिघांची फारकत कधी झालीच नाही. कुठल्याही शहरातल्या कुठल्याही पंपावर, अनोळखी माणसाच्या गाडीचं झाकण उघडलं तरी मला चैत्रातलं कळंब दिसू लागतं. पऱ्हाटी उपटून मोकळी झालेली काळी वावरं, त्यांच्यावर थरथरणारं ऊन, आणि यवतमाळच्या रस्त्याकडेच्या कडुलिंबांची तुटपुंजी सावली.

लहानपणी माझी जागा बाबांच्या मोटरसायकलच्या टाकीवर होती. आई मागे एका बाजूला पाय सोडून बसायची, आणि मी पुढे, बाबांच्या दोन्ही हातांच्या मधे. टाकी तापलेली असायची म्हणून बाबा तिच्यावर आपल्या दुपट्ट्याची घडी अंथरायचे. तरी झाकणाची गोल कड त्या घडीतून टोचायचीच, आणि त्याची ऊब, खालच्या इंजिनाची गुणगुण, दुपट्ट्याला लागलेला घामाचा आणि रुईचा वास यांत डोळे आपोआप मिटत जायचे. चतुर्थीला चिंतामणीच्या दर्शनाला जायचो तेव्हा हे सुख फार थोडा वेळ टिके. देऊळ जमिनीच्या पोटात. पायऱ्या उतरत गेलं की एकेका पायरीगणिक ऊन मागे राहायचं, कुंडाच्या पाण्याचा आणि दुर्वांचा गारवा अंगावर यायचा. इंद्राने अंकुशाने हे कुंड निर्माण केलं, बारा वर्षांनी त्याचं पाणी चढत जाऊन देवाच्या पायांना लागतं, ही गोष्ट आई तिथे दर वेळी नव्याने सांगायची. मग पुन्हा वर येणं, आणि पुन्हा ती तापलेली टाकी. मला दोन्ही हवं असायचं.

आईचं माहेर देवळीकडचं. वर्धा नदीचा पूल ओलांडला की ती सावरून बसायची, पदर नीट करायची. नदीपलीकडे तिचा जिल्हा लागायचा. आता त्या बाजूला जायला रेल्वे आहे, २०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली, आणि आईला खिडकीजवळ बसून जाताना पाहिलं की बरंही वाटतं. पण माझ्या डोळ्यांपुढे राहिली आहे ती त्या रस्त्यावरची एक दुपार. पुलाच्या अलीकडे आमची गाडी आचके देत बंद पडली. बाबा उतरले, त्यांनी मला उचलून खाली ठेवलं, झाकणाच्या भोकावरची टिकली सरकवली, चाबी घातली, तळवा झाकणावर ठेवून हलकेच दाबला आणि फिरवली. टाकीने ‘स्स’ करून हवा आत ओढून घेतली. बाबांनी झाकण पुन्हा लावलं, थोडं थांबले, किक मारली, गाडी सुरू.

“तिलेही श्वास लागते रे बाबू,” ते म्हणाले.

झाकणात एक केसाएवढं छिद्र असतं. पेट्रोल आपल्या वजनाने खाली कार्बोरेटरकडे उतरतं, आणि ते उतरेल तेवढी हवा त्या छिद्रातून आत यावी लागते. छिद्र बुजलं की टाकी भरलेली असूनही गाडी तहानेली राहते. हे मला कळलं फार पुढे. त्या दुपारी मला एवढंच वाटलं होतं की बाबांनी गाडीच्या छातीवर हात ठेवला आणि ती जागी झाली.

छिद्र कशाने बुजायचं, तर रुईने. बाबा जिनिंगमध्ये हिशेबनीस होते, आणि कापसाचा हंगाम आला की त्यांच्या भुवयांवर, चपलांवर, जेवणाच्या डब्यावर पांढरी लव बसलेली असायची. आवारात दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या कुलपात ती शिरली नसती तरच नवल. त्यात काळ्या मातीचा फुफाटा. कुलूप अडलं की लोक सांगायचे, तेल सोडा. बाबा सोडायचे नाहीत. तेल धूळ धरून ठेवतं, चार दिवस चाबी लोण्यासारखी फिरते आणि मग आत चिखल होतो. ते कानामागची शिसपेन्सिल काढायचे, ब्लेडने तिच्या शिशाची पूड कागदावर पाडायचे आणि कागद दुमडून ती कुलपात फुंकायचे. त्याच पेन्सिलीने त्यांनी शेतकऱ्यांच्या बंड्यांचा हिशेब मांडलेला असायचा.

बाबा गेले. गाडी छपरीत राहिली. या उन्हाळ्यात गेलो तेव्हा चाबी कुलपात अर्धीच जात होती.

मिस्त्री म्हणाला, नवं झाकण टाकू. आमच्या गाडीला हँडल, टाकी आणि बाजूचा डबा अशा तिन्ही जागी एकच चाबी चालते. नवं झाकण म्हणजे दुसरी चाबी. आणि बाबांच्या चाबीचे दात इतके झिजले आहेत की तिच्यावरून नकल काढली तर झीजही तशीच उतरेल. मी नको म्हटलं. गाडी अंगणात चुलीपासून लांब, वाऱ्यावर घेतली. पेट्रोलचे दोन थेंब भोकात सोडून वाट पाहिली, चाबी आतबाहेर केली, पुन्हा वाट पाहिली. जोर लावला असता तर पितळेची ती पातळ पट्टी आतच तुटली असती. मग तळवा ठेवला, दाबला. टक्.

झाकण उघडल्यावरच त्याच्या पोटातले स्क्रू हाती येतात. कुलपाचा गोळा बाहेर काढला. त्यात पातळ पत्र्या असतात, एकेकीमागे केसासारखी स्प्रिंग; चाबीचे दात प्रत्येकीला तिच्या उंचीवर नेतात, सगळ्या एका रेषेत आल्या तरच गोळा फिरतो. एक जरी मधे अडली तरी बाकीच्यांचा इलाज चालत नाही. एक अडलेली होतीच. तिला सुईने मोकळं केलं तेव्हा तिच्यामागून धुळीने करडी झालेली, पण बोटावर घेतल्यावर ओळखता येणारी रुई निघाली. कोणत्या हंगामातली, कोण जाणे.

ती मी फेकली नाही.

पत्र्या घासलेटात धुतल्या, उन्हात वाळवल्या, छिद्रातून बारीक तार फिरवली. आईने आतून पेन्सिल आणून दिली, काही न विचारता. शिशाची पूड फुंकून कुलूप बसवलं. चाबी आता सरळ जाते. फक्त झाकणाखालची रबराची चकती फुगली आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मानवतंच असं नाही. ती झाकण वर ढकलते, म्हणून चाबी फिरवताना तळव्याने दाबावं लागतं, किती, हे सांगता येत नाही, हाताला कळतं. नवी चकती यवतमाळला मिळेल असं मिस्त्री म्हणाला आहे. आणीन कधीतरी. मला घाई नाही.