माशासाठी माशीचा फोटो

मुलांनो, मासे धरायला गळाला काय लावतात, हे तुमच्यातल्या नदीकाठच्या मुलांना सांगायला नकोच. गांडूळ लावतात, कणकेची गोळी लावतात. पण मासे धरणाऱ्या काही मंडळींना हे मुळीच चालत नाही. ते गळाला खाण्याजोगं काहीच लावत नाहीत. दोरा, पिसं, लोकर आणि बारीक तार गुंडाळून ते गळाचाच एक खोटा किडा करतात आणि तो पाण्यावर अलगद टाकतात. खरा किडा समजून मासा तो तोंडात धरतो. याला म्हणतात फ्लाय फिशिंग. फ्लाय म्हणजे माशी. पण या माशीत पाण्यातले झाडून सगळे किडे आले.

मासा काही मूर्ख नसतो. रोज तेच किडे खाऊन त्याची नजर तयार झालेली असते. त्याला फसवायचं तर आधी खरा किडा नीट पाहायला हवा, आणि तो तर तांदळाच्या दाण्याएवढा! माझ्या कॅमेऱ्याचा संबंध इथे आला.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही हिमाचल प्रदेशात, कुलू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीकाठी राहिलो होतो. या नदीत ट्राउट नावाचा ठिपकेदार मासा आहे. तो मूळचा इथला नव्हे. १९०९च्या सुमारास इंग्रजांनी तो कुलूच्या नद्यांत आणून सोडला आणि बर्फाचं थंडगार पाणी त्याला मानवलं. आमच्याच घरी एक निवृत्त फौजी आजोबा उतरले होते. परवाना काढून दिवसभर मासेमारी करायची आणि संध्याकाळी छोट्या शिकंज्यात गळ पकडून खोटे किडे बांधायचे, हा त्यांचा क्रम. मी काढलेला कोळ्याचा फोटो पाहून ते म्हणाले, “बेटी, नदीतल्या किड्यांचे असे फोटो काढून देशील? माझ्या डोळ्यांना आता पाय मोजता येत नाहीत.”

माझा कॅमेरा जुना. मोठी मॅक्रो लेन्स माझ्याकडे नाही. पण साधी पन्नास मिलिमीटरची लेन्स एका कडीनं उलटी बसवली, की ती भिंगासारखं काम करते आणि मुंगीसुद्धा फोटोत मोठी दिसते. आम्ही काठाजवळचे दगड हळूच उचलायचो, खालची बाजू पांढऱ्या ताटलीत धुवायचो आणि दगड होता तसा परत ठेवायचो. ताटलीत काय काय वळवळायचं! वाळूचे कण रेशमानं चिकटवून स्वतःची नळी बांधणारी कॅडिसची अळी. दोन शेपट्यांची स्टोनफ्लाय. आणि आजोबांची सगळ्यांत लाडकी मेफ्लाय. तिच्या पाण्यातल्या पिल्लाला निंफ म्हणतात. बहुतेकांना तीन शेपट्या, आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना झुलणारे कल्ले.

फोटो काढायचा काचेच्या चौकोनी भांड्यात. फ्लॅशवर बटर पेपर लावायचा, नाहीतर किडा नुसता चकाकतो. एवढ्या जवळून जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटरच स्पष्ट येतं. डोळा स्पष्ट आला की शेपटी धुक्यात! पाणी दर थोड्या वेळानं बदलायचं, कारण ते कोमट झालं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि बिचाऱ्याचे कल्ले घाईघाईनं हलू लागतात. ते दिसलं की फोटो राहू दे, आधी किडा नदीत. हे काम माझ्या भाचीनं आपणहून अंगावर घेतलं होतं.

आजोबांची मागणी मात्र वेगळीच. सुंदर फोटो त्यांना नको होता. शेजारी मिलिमीटरचा आलेख कागद हवा, रंग अचूक हवा, आणि पाठीइतकंच पोटही दिसायला हवं, कारण तरंगणारा किडा मासा खालून पाहतो. एका फोटोवर तर ते ओरडलेच, “हा! पंखांच्या पिशव्या काळ्या झाल्यात बघा. हा आता बाहेर पडणार.”

आणि खरंच, त्या संध्याकाळी भांड्यातलं पिल्लू पृष्ठभागाशी आलं, पाठीवरची कातडी उलली आणि धुरकट पंखांची माशी बाहेर येऊन पाण्यावर उभी राहिली, शिडाच्या होडीसारखी. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा कात टाकली, अगदी पंखांवरचीसुद्धा! पंख फुटल्यावर कात टाकणारे कीटक जगात मेफ्लायखेरीज दुसरे नाहीत. आता पंख काचेसारखे झाले. ही माशी काही खात नाही. खाण्याजोगं तोंडच तिला नसतं. काही तास, फार तर एक-दोन दिवस जगायचं, अंडी घालायची आणि संपायचं.

ती पाण्यावर उभी असताना मी भांड्याच्या बाजूनं, खालून तिरका, एक फोटो काढला. तिरकं पाहिलं की पाण्याचा पृष्ठभाग खालून आरशासारखा दिसतो. माशी त्यात दिसतच नव्हती. दिसत होते फक्त सहा चमकते ठिपके, तिच्या पायांनी पाणी दबलं होतं तिथे. माशाला दुरून येणारी माशी म्हणजे एवढंच! आजोबा तो फोटो कितीतरी वेळ पाहत राहिले.

कॅमेरा नव्हता तेव्हा काय करत असतील? इंग्लंडमध्ये आल्फ्रेड रोनाल्ड्झ नावाच्या गृहस्थानं १८३६ साली एक पुस्तक काढलं. त्यात खरा किडा आणि त्याची नक्कल शेजारी-शेजारी छापली होती, चित्रं स्वतः काढलेली. ब्लाइथ नदीवर त्यानं मासे बघायला एक खोपटं बांधलं होतं. माशाला चव कळते का हे पाहायला त्यानं मेलेल्या माश्यांना तिखट आणि मोहरी फासून त्या पाण्यात सोडल्या. ट्राउटनं गपागप खाल्ल्या! ऐकू येतं का पाहायला जवळ बंदूकही उडवली. मासा ढिम्म.

दुसरे फ्रँक सॉयर. तेही इंग्लंडमधलेच, नदीची राखण करणारे साधे नोकर. पोहताना काही मेफ्लायची पिल्लं पाय अंगाला चिकटवून घेतात, हे त्यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणून त्यांनी आपल्या खोट्या किड्याला पायच दिले नाहीत. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचं पीस आणि तांब्याची तार, बस्स. तो आजही जगभर चालतो. माझ्या फोटोवरून आजोबांनी शेवटी तोच बांधला, फक्त रंग तीर्थनचा.

तेव्हा भाची म्हणाली, “आजोबा, म्हणजे मावशीनं एवढे फोटो काढले ते माशाला फसवायला?”

आजोबांनी गळ तिच्या हातात दिला. त्याचा उलटा काटा पकडीनं दाबून सपाट केला होता. म्हणाले, “मासा धरून मी लगेच सोडतो. काटा नसला की तो पटकन सुटतो.”

“पण लागत नाही का त्याला?”

“लागतं. थोडं लागतं.” आजोबा खोटं बोलले नाहीत, हे मला आवडलं. भाचीचं मात्र समाधान झालं नाही, आणि खरं सांगू, माझंही पुरतं झालं नाही. दुसऱ्या दिवशी आजोबांनी हातभर पाण्यात मासा धरून सोडला, तेव्हा ती तिकडे फिरकली नाही. ती दगडावर पंख सुकवणाऱ्या एका माशीपाशी बसून होती.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पावसानंतर ओढ्याचं पाणी निवळलं, तसे चौथीच्या वर्गाला घेऊन आम्ही ताटली, भिंग आणि कॅमेरा घेऊन गेलो. तिसऱ्याच दगडाखाली तीन शेपट्यांचं पिल्लू सापडलं.

“बाई, आपल्या ओढ्यात ट्राउट आहे?”

“नाही रे. आपलं पाणी तिला गरम पडेल.”

“मग याला कोण खातं?”

मी म्हटलं, पाण्यात बेडूक आणि चतुराची पिल्लं, पंख फुटल्यावर कोळी आणि पाकोळ्या.

“मग फोटो कोणासाठी काढताय?”

“तुमच्यासाठी. पाणी कोमट व्हायच्या आत कल्ले मोजा पाहू!”