नाताळचा डबा आणि आमची थोरली

भिवंडी तालुक्यातल्या वळ गावात राहणाऱ्याला गोदाम म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, जिकडे पाहावे तिकडे पत्र्याची छपरे आणि मालाच्या गाड्या. आमच्यातला एक गोदामात माल उतरवतो, दुसरी शेजारच्या गोदामात पॅकिंगला बसते. दोघांच्या कमाईवर घर चालते आणि हा लेखही दोघांनी मिळून लिहिला आहे, म्हणून 'आम्ही'. मागे एकदा आठवडाभर नुसती बिस्किटांची खोकी उतरवायची पाळी आली होती. त्यातला एक पुडासुद्धा आमच्या घरात येऊ शकत नाही. पैसे नाहीत म्हणून नव्हे. आमच्या थोरल्या मुलीला गहू चालत नाही म्हणून.

चालत नाही म्हणजे आवडत नाही असे नव्हे. पाव, खारी, टोस्ट, शेवया, सगळे तिला जिवापाड आवडत होते. पण चौथ्या वर्षापासून तिचे पोट फुगलेले, हातपाय काडीसारखे, तोंड पांढरेफटक. जुलाब थांबले की ओकाऱ्या सुरू. कोणी म्हणाले जंत आहेत, कोणी म्हणाले रक्त कमी आहे. जंताची औषधे झाली, लोहाच्या बाटल्याच्या बाटल्या झाल्या. शेजारच्या एका बाईंनी नजर उतरवणाऱ्याचा पत्ता दिला. तो आम्ही घेतला नाही, पण रात्री पोर कण्हत असली की माणसाचे मन कुठे कुठे जाते हे आमचे आम्हाला माहीत.

मग कोणीतरी सांगितले, पोळी बंद करून बघा. आम्ही केली. तीन महिन्यांत पोरीच्या तोंडावर रंग आला. आनंदाने आम्ही मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलो, तर डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. गहू बंद असताना रक्ताची चाचणी खरे बोलत नाही, म्हणाल्या. आता पुन्हा गहू सुरू करा, दीड महिना रोज खाऊ घाला, मग या.

वाचकहो, तो दीड महिना आम्ही विसरू शकत नाही. ज्याने पोरीला त्रास होतो हे ठाऊक आहे तेच रोज आपल्या हाताने तिला भरवायचे. ती सात वर्षांची होती. पोळी बघून आधी खूश झाली, चौथ्या दिवशी ताट सरकवू लागली. म्हणून हे आधीच सांगतो : कोणाला मुलाविषयी अशी शंका आली तर चाचणी होईपर्यंत गहू बंद करू नका. आमच्यासारखी चूक करू नका.

रक्ताची चाचणी झाली, तोंडातून दुर्बिणीची नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला. 2021 साली नाव कळले : सीलियाक. लहान आतड्याच्या आतल्या अंगाला मखमलीसारखी बारीक लव असते, अन्नातला कस तीच शोषून घेते. गव्हात ग्लूटेन नावाचे चिकट प्रथिन असते. कणकेला जो ताण येतो तो त्याचाच. या आजारात ग्लूटेन पोटात गेले की शरीराची स्वतःचीच संरक्षणशक्ती त्या लवेवर तुटून पडते आणि ती झडते. मग खाल्लेले अंगी लागत नाही. गोळी नाही, सुई नाही. गहू, जव आणि राय जन्मभर बंद, हाच उपाय. आणि बंद म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही. आजार घराण्यात असू शकतो म्हणून धाकट्याचीही चाचणी केली. त्याचे ठीक निघाले.

पुढे वाचनात आले की हे गव्हाचे कोडे हॉलंडमधल्या विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाने सोडवले. त्याला संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात, तिथे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. सगळा देश वाळत होता आणि ही आजारी पोरे मात्र सुधारत होती. युद्धानंतर पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. 1950 साली त्याने त्यावर प्रबंध लिहिला. हे आम्ही आईला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "आमी बहात्तरच्या दुष्काळात मिलोची लाल भाकर खाल्ली. तवा वाटायचं, कधी गव्हाची पोळी मिळंल." त्या दुष्काळातच आमचे वडील परभणी जिल्ह्यातून निघून भिवंडीच्या मागावर कामाला लागले. आमच्या लहानपणी पोळी सणाला आणि पाहुण्याला. रोज पोळी खाणारे घर म्हणजे बरे चाललेले घर. आमच्या घरात रोजची पोळी सुरू झाली तेव्हा आईने गल्लीभर सांगितले होते. तीच पोळी आता दाराबाहेर काढायची होती.

पहिल्यांदा आम्ही काय केले, तर मुलीचे सगळे वेगळे केले. वेगळा तवा, वेगळे ताट, वेगळी परात. तिच्या पेल्यावर खूण केली. डॉक्टरांनी सांगितले होते ते बरोबरच होते, गव्हाच्या तव्यावरची भाकरीही तिला चालत नाही. पण आईने ते ताट बघितले आणि जेवण सोडून उठली. "आमच्या वक्ताला च्याचा कप येगळा व्हता, भाईर वळचणीला ठिवलेला. आता माझ्या नातीला आपल्याच घरात येगळं ताट का?"

यावर काय बोलणार? शास्त्र आमच्या बाजूने होते आणि तरी तोंडातून शब्द निघेना. दोन दिवस विचार करून आम्ही उलटे केले. पोरीचे ताट वेगळे काढण्याऐवजी गहूच घरातून काढला. सगळ्यांची भाकरी एक, तवा एक. रेशनचा तांदूळ घेतो, गहू उचलत नाही. धाकट्याने कुरकुर केली, तो पाव बाहेर खातो आणि हात धुऊन घरात येतो.

तरी गहू कुठून कुठून शिरतो! बाजारातल्या डबीतल्या हिंगात पुष्कळदा मैदा असतो. सोया सॉसमध्ये गहू असतो. ताकद वाढवायच्या माल्टच्या पावडरीत जव असतो, आणि तीच पावडर आम्ही उधारीवर आणून तिला दोन वर्षे पाजत होतो. पाकिटावरची बारीक इंग्रजी अक्षरे आता पोरगीच वाचते : 'व्हीट', 'बार्ली', 'माल्ट'. दुकानदार कंटाळतो, ती कंटाळत नाही. ग्लूटेनमुक्त म्हणून विकायचे तर किलोमागे ग्लूटेन 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे असा आपल्याकडे नियम आहे, पण त्या बिस्किटांच्या एका पुड्याच्या पैशात आमच्याकडे दोनतीन किलो तांदूळ येतो. गिरणीवाले चाचा भला माणूस. म्हणाले, "सकाळी पहिलं दळण तुमचं घेतो." पण त्याच दगडावर रात्रीपर्यंत गहू दळलेला, पीठ हवेत उडते, चाचा तरी काय करणार? शेवटी आईचे गावाकडचे जाते, जे दाराला टेकण म्हणून पडले होते, ते धुऊन लावले. ज्वारीतून गव्हाचे दाणे वेचायला आई सूप घेऊन बसते. डोळ्यांनी कमी दिसते, पण गव्हाचा दाणा तिच्या बोटांना कळतो.

आता नाताळकडे येतो. आमच्या गोदामात वसईचे एक टेम्पोवाले दादा माल घेऊन येतात. ख्रिस्ती आहेत, मराठी माणूस, घरची थोडी केळीची वाडी. दरवर्षी 26 डिसेंबरला त्यांच्या घरून आमच्याकडे नाताळचा डबा यायचा. केक, कलकल, नेवऱ्या. 2022 साली आम्ही तो डबा कपाटावर लपवला आणि कामावर गेलो. दादांना सांगायचे राहून गेले, खरे तर सांगायला जीभ रेटली नाही. माणूस प्रेमाने देतो, त्याला 'नको' कसे म्हणायचे? पोरीने स्टूल ठेवून डबा काढला. सहा कलकल आणि केकचा एक तुकडा. आठ दिवस शाळा बुडाली. दादांना कळले तेव्हा ते आमच्या उंबऱ्यावर बसून राहिले, आत येईनात. चूक त्यांची नव्हती.

2023 च्या डिसेंबरात ते म्हणाले, "वहिनी, यंदा डबा नाही आणत. तुम्ही सगळे घरी या. काय काय चालत नाही ते एका कागदावर लिहून द्या." पोरीने वहीचे पान फाडून यादी लिहिली, मोठ्या अक्षरात. ती दादांच्या आईने वाचली. चार दिवसांनी रात्री त्यांचा फोन आला. त्यांच्या घरातली बोली आम्हाला निम्मीच कळते, आमच्याशी त्या शाळेतल्या बाईंसारखे मराठी बोलतात. म्हणाल्या, "आमच्या बाटलीच्या मसाल्यात मिरच्यांबरोबर भाजलेला गहू पडतो. मग तो चालायचा नाही ना?" आम्ही गप्पच झालो. मसाल्यात गहू! आम्ही केक, पाव, फुगे यांचीच भीती धरून बसलो होतो. कालवण तर आम्ही बिनधास्त वाढून घेतले असते.

आम्हीही रिकाम्या हाताने जाणार नव्हतो. केक करून न्यायचे ठरवले. पहिला केक विटेसारखा झाला, दुसरा चमचा लावताच भुगा. गहू नसला की पीठ धरून ठेवायला काही नसते. तिसऱ्या खेपेला जमले ते असे : दोन वाट्या तांदळाचे घरचे बारीक पीठ, अर्धी वाटी मक्याचे पांढरे पीठ, तीन अंडी भरपूर फेसून, वाटीभर चिरलेला गूळ, अर्धी वाटी तेल, दोन पिकलेली केळी कुस्करून आणि दीड चमचा बेकिंग पावडर (पाकीट वाचून घ्यावे). लागेल तसे दूध घालून पीठ अर्धा तास भिजू द्यायचे, बेकिंग पावडर शेवटी. कुकरच्या तळाला मीठ पसरून, शिटी आणि रबर काढून, मंद आचेवर पाऊण तास. केळे आणि अंडे मिळून गव्हाचे काम करतात. वर थोडा तडकतो, त्याला इलाज सापडलेला नाही.

25 डिसेंबर. सकाळी आमच्या वस्तीत मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम होता. 1927 साली याच दिवशी महाडला बाबासाहेबांच्या सत्याग्रहात ती जाळली. तो आटोपून दादांच्या टेम्पोत बसलो. अंजूरफाट्यावरून कामण, चिंचोटी असे वसईला गेलो. त्या रस्त्याविषयी न बोललेले बरे. आई पुढे बसली आणि केकचा डबा मांडीवर धरून राहिली.

घरासमोर कागदी तारा, कोपऱ्यात गवताचा गोठा. आजींनी पोरीला आधी स्वयंपाकघरात नेले आणि सगळे दाखवले. फुगे आणि कलकल यंदा दिराच्या घरी तळले होते, कढई आणि तेल या घरात आलेच नव्हते. कारण गव्हाचे तळलेल्या तेलात दुसरे तळले तरी बाधते. तांदळाच्या हातावर थापलेल्या भाकऱ्या, कोंबडीचे कालवण ताज्या वाटणाचे, मिरची-धणे-खोबरे घरी भाजून. दादांची बायको गोव्याकडची, तिने डोडोल केला होता : तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि काळा गूळ, तासन् तास ढवळून. त्याशिवाय पेरूचे चीज, दुधाची वडी, आणि वाडीतल्या राजेळी केळ्यांची सुकेळी. यातल्या कशातच गहू नाही, आणि एकही पदार्थ आमच्या मुलीसाठी म्हणून मुद्दाम शोधून काढलेला नव्हता. त्यांच्याकडे नाताळला हे आधीपासूनच होते. आमच्याकडे बुद्धपौर्णिमेला तांदळाची खीर असते तसेच.

सगळे एका पंगतीत बसले. वेगळे ताट नव्हते. आईने ते बघितले, बोलली काही नाही. भाकरी मोडून आजींना म्हणाली, "तुमच्याकडं बी भाकरच की!"

सगळे काही गोड झाले असे मात्र नाही. काचेच्या कपाटात पाहुण्यांसाठी काळा मनुक्यांचा केक ठेवला होता, वर साखरेची पांढरी वेलबुट्टी. पोरगी जेवताना तीनदा तिकडे बघून आली. चौथ्यांदा डोळे भरले. आम्ही उठणार तेवढ्यात आजींनी आमचा तडकलेला केक मध्ये आणून ठेवला आणि सुरी तिच्या हातात दिली. पहिला तुकडा स्वतः खाल्ला, बराच वेळ चावला. "केक नाही झाला हा," म्हणाल्या, "सांदण झालंय." सगळे हसले, पोरगीही हसली, पण त्या कपाटाकडे आणखी एकदा बघून. दहा वर्षांची पोर आहे, बघणारच.

संध्याकाळी निघताना डबा मिळाला. डोडोल, सुकेळी, पेरूचे चीज. झाकणावर आजींनी कागद चिकटवला होता, निळ्या शाईने लिहिलेला : 'गहू नाही. जव नाही. सगळे तिचेच आहे.' टेम्पोत पोरीने तो मोठ्याने वाचला, आणि धाकट्याने हात पुढे केला तेव्हा पुन्हा वाचून दाखवला. चिंचोटीपर्यंत तिने त्याला एकही सुकेळी दिले नाही, कामणला अर्धे दिले.

डबा परत करायला गेलो तर दादा म्हणाले, राहू द्या. तो कागद अजून झाकणावर आहे, कडेने पिवळा पडलाय. आई त्यात निवडलेली ज्वारी ठेवते.